थांबण्याची विद्या

१९७६ सालच्या भाऊबिजेला आम्ही सारे पुण्याला आत्याकडे गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईला परत यायला निघालो होतो. गाडी वडील चालवीत होते. आजीला गाडी लागायची, म्हणून ती पुढे बसली होती. तिच्या मांडीवर आत्याने दिलेला चकल्यांचा डबा होता. मागे आई, धाकटी बहीण आणि मी. गाडी जुनी, तीन मालकांचे घर फिरून आमच्याकडे आलेली. पण वडिलांचा तिच्यावर फार जीव होता.

त्या दिवसांत पेट्रोल महाग झाले होते. १९७३ च्या तेलसंकटाने साऱ्या जगाचे हिशेब चुकवले, तसे आमच्या घरचेही चुकवले होते. वडिलांनी त्यावर एक तोड काढली होती. उतार लागला की गिअर काढायचा आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडून द्यायची. इंजिन नुसते गुरगुरत राहते, पेट्रोल वाचते आणि उतार आपले काम फुकट करतो, असा त्यांचा हिशेब. वळण आले की ब्रेक दाबायचा, इतकेच.

खंडाळा मागे पडले. पहिली चार-सहा वळणे झकास पार पडली. मग गाडीत एक करपल्यासारखा वास येऊ लागला. आईला वाटले, बाहेर कोणी काही जाळीत असेल. पुढच्या वळणावर वडिलांनी ब्रेक दाबला तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला मी आरशात पाहिला. पाय खाली जात होता आणि गाडी मात्र थांबायचे नाव घेत नव्हती. त्यांनी एकदा दाबला, दोनदा दाबला, मग खटाखट पंपिंग सुरू केले. खणखण आवाज करीत गिअर कसाबसा पडला. गाडीने एक जोराचा हिसका दिला. हँडब्रेक ओढला गेला आणि डाव्या अंगाची चाके डोंगराकडच्या गटारात घालून आमची गाडी शिंगरोबाच्या देवळाच्या थोडी अलीकडे उभी राहिली. उजवीकडे दरी होती. तिच्याकडे कोणीच पाहिले नाही.

चाकांतून धूर निघत होता. वडील फिरकीचा तांब्या घेऊन खाली उतरले, तोच मागून येऊन थांबलेल्या मालट्रकचा ड्रायव्हर धावत आला. “अहो साहेब, पाणी नका टाकू! तापलेला ड्रम आहे, तडकेल. पंधरा-वीस मिनिटं नुसती हवा लागू द्या.” मग त्याने गिअरच्या दांड्याकडे पाहिले आणि काय झाले असेल ते त्याला न सांगताच कळले. “ज्या गिअरात घाट चढता, त्याच गिअरात उतरायचा साहेब. ब्रेक काय, फक्त वळणापुरता.”

आजी तोवर एक शब्द बोलली नव्हती. आता चकल्यांचा डबा सावरीत ती म्हणाली, “अरे दत्तू, थांबता येत नव्हतं, तर निघालास कशाला?”

घरी हे वाक्य पुढे कित्येक वर्षे विनोद म्हणून सांगितले गेले. मला मात्र त्या प्रश्नाने सोडले नाही. पुढे मोटारींविषयी जे हाती लागेल ते वाचण्याचा मला नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की आजीचा प्रश्न एकट्या माझ्या वडिलांना नव्हता. तो साऱ्या मोटारयुगालाच विचारता येण्यासारखा आहे. माणूस आधी निघाला आणि थांबायचे कसे, हे त्याला वाटेत सुचत गेले.

अगदी पहिल्या लांबच्या प्रवासाचीच गोष्ट घ्या. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतल्या मानहाइम गावाहून बेर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना, पंधरा वर्षांच्या ऑयगेनला आणि तेरा वर्षांच्या रिचर्डला, बरोबर घेऊन माहेरी फोर्ट्सहाइमला निघाली. नवरा कार्ल बेंझ घरी झोपला होता. त्याने बनवलेली तीन चाकांची मोटार बाईने त्याला न विचारताच बाहेर काढली होती. वाट सुमारे शंभर किलोमीटरची. वाटेत पेट्रोलपंप नव्हते. वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून डाग काढायचे एक द्रव्य विकत घेऊन तिने ते इंधन म्हणून वापरले. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. चढावर मुले खाली उतरून गाडी ढकलीत.

ही सारी हकीगत आवडीने सांगितली जाते. पण मला त्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वेगळाच वाटतो. चढ संपला की उतार येतो. त्या गाडीचा ब्रेक म्हणजे चाकावर दाबला जाणारा लाकडाचा ठोकळा. डोंगराळ मुलखातल्या उतारांवर तो घासून घासून झिजला. तेव्हा बेर्थाबाईंनी वाटेतल्या बाउशलॉट गावात एका मोच्याला गाठले आणि त्या ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. लाकडापेक्षा चामड्याची पकड चांगली, आणि झिजले तर चामडे नवे लावता येते. आज गॅरेजमध्ये मिस्त्री आपल्याला “लायनर गेलेत, बदलावे लागतील” असे सांगतो, त्या लायनरचा जन्म हा असा झाला. रस्त्यावरच्या गाडीच्या ब्रेकमध्ये झालेली ही पहिली सुधारणा. ती ना कारखान्यात झाली, ना एखाद्या इंजिनिअरने केली. उताराला लागलेल्या एका आईने ती मोच्याकडून करवून घेतली.

चामड्याचा असाच उपयोग पलीकडे इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगरांतले गाडीवानही करीत होते. घोड्यांची जड गाडी उतारावरून नेताना ब्रेकच्या लाकडी ठोकळ्यावर ते जुन्या बुटाचे चामडे लावीत. आपल्याकडे फाटकी वहाण ज्या कामांना येते, त्यांत हे एक घालायला हरकत नाही. हर्बर्ट फ्रूड नावाच्या एका फिरत्या विक्रेत्याने हा प्रकार पाहिला आणि त्याच्या मनात आले, की बुटाच्या तळव्यापेक्षा काही बरे बनवता येणार नाही का? त्याने १८९७ साली प्रयोग सुरू केले. डिंकासारख्या द्रव्यांत भिजवलेल्या कापडी पट्ट्या तो ब्रेकच्या ठोकळ्यांवर लावून पाही. त्यातून चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावी कारखाना उभा राहिला. फ्रूड या आपल्या आडनावातली इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून आणि त्यांत बायकोच्या, एलिझाबेथच्या, नावाचे पहिले अक्षर मिसळून त्याने मालाला नाव दिले ‘फेरोडो’. पुढे आपल्या देशातल्या गॅरेजांच्या पाट्यांवरही हे नाव झळकले. त्यात एक नवरा-बायको दडलेली आहेत, हे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

कापूस फार उष्णता सोसत नाही, जळतो. म्हणून १९०८ च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉसच्या पट्ट्या आणल्या. ॲस्बेस्टॉस म्हणजे दगडाचेच धागे. न जळणारे, न वितळणारे. ब्रेकचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला. परंतु त्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. रॉशडेल शहरात ॲस्बेस्टॉसचे सूत काढणाऱ्या गिरणीतली नेली कर्शॉ ही कामगार बाई १९२४ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, फुप्फुसे निकामी होऊन वारली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिची फुप्फुसे तपासली, तेव्हा त्यांत ॲस्बेस्टॉसचे कण रुतलेले आढळले. त्यांच्याच लेखांतून या रोगाला नाव मिळाले. १९३१ मध्ये ब्रिटनने गिरण्यांतल्या धुळीवर कायद्याने बंधने घातली, आणि या पदार्थाच्या वापरावर तिथे जवळजवळ पूर्ण बंदी यायला १९९९ साल उजाडले. मधल्या सत्तर-पाऊणशे वर्षांत जगभरचे मिस्त्री ड्रम उघडून आतली काळी धूळ तोंडाने फुंकीत राहिले. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरचा मिस्त्रीही फुंकर मारीत असे आणि आम्ही मुले ती धूळ उन्हात कशी चमकते ते बघत उभी राहत असू. आपण सुखरूप थांबावे म्हणून कोणा अनोळखी बाईचा श्वास खर्ची पडला होता, हे आम्हांला तेव्हा कुठले ठाऊक!

ब्रेक कशाचा करायचा, हा एक प्रश्न झाला. तो कुठे बसवायचा, हा दुसरा. वाचकांना नवल वाटेल, पण मोटार जन्मल्यानंतर जवळजवळ तीस वर्षे बहुतेक गाड्यांना पुढच्या चाकांवर ब्रेकच नसत. असत ते मागे. पुढची चाके वळवायची असतात, त्यांना ब्रेकच्या तारा आणि दांड्या जोडायच्या कशा, ही अडचण होतीच. त्याखेरीज अशी भीतीही होती की पुढची चाके अडवली तर गाडी भलतीकडे ओढली जाईल, नाही तर कोलांटी खाईल.

खरे म्हणजे गोष्ट नेमकी उलटी आहे. भरलेल्या एस. टी.त उभे राहून प्रवास केलेल्या कोणालाही ते पटेल. ड्रायव्हरने ब्रेक दाबला की सारी मंडळी पुढे झुकतात. तसेच गाडीचे वजनही पुढच्या चाकांवर येते आणि मागची चाके हलकी होतात. म्हणजे जिथे भार जास्त, पकड जास्त, तिथे ब्रेक नाही. आणि जिथे चाक घसरायलाच टेकलेले, तिथे सारा ब्रेक! इटलीतल्या ईसोता-फ्रास्कीनी कंपनीने १९१० च्या सुमारास चारही चाकांना ब्रेक लावले आणि मग हळूहळू इतरांची भीड चेपली. मात्र त्यातून एक गमतीदार संकट उभे राहिले. चार चाकांचे ब्रेक असलेली गाडी इतकी लवकर थांबे, की दोनच चाकांचे ब्रेक असलेली मागची गाडी येऊन तिच्यावर आदळे. म्हणून १९२० नंतरच्या काळात इंग्लंडात अशा गाड्यांच्या पाठीवर लाल त्रिकोण लावीत. त्याचा अर्थ, बाबांनो, ही गाडी चटकन थांबते, जरा अंतर ठेवा. सुधारणा एकट्याने केली तर ती शेजाऱ्याला कशी भोवते, याचे इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे नसेल.

चारही चाकांवर सारखा दाब आणायचा कसा, ही गाठ माल्कम लॉकहीड या अमेरिकन गृहस्थाने सोडवली. तारा आणि दांड्या कुठे सैल, कुठे ताठ होतात आणि गाडी एका अंगाला ओढते. नळीत भरलेले द्रव मात्र सगळीकडे सारखाच दाब पोचवते. शाळेत शिकवतात तोच पास्कलचा नियम. लॉकहीडने १९१७ साली त्याचे पेटंट घेतले. अशा ब्रेकची ड्यूझेनबर्ग गाडी घेऊन जिमी मर्फीने १९२१ ची फ्रान्सची ग्रां प्री जिंकली आणि १९२४ मध्ये क्रायस्लरने ते साध्या गिऱ्हाइकाच्या गाडीत आणले. हेन्री फोर्ड मात्र पोलादी दांड्यांवरच भिस्त ठेवून राहिला. त्याच्या गाड्यांना द्रवाचे ब्रेक मिळायला १९३९ साल यावे लागले. द्रवालाही एक खोट होती. एका नळीला भोक पडले की चारही ब्रेक एकदम जात. म्हणून पुढे एकाच मास्टर सिलिंडरात दोन स्वतंत्र कप्पे करण्यात आले. अमेरिकेने १९६८ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे केले.

आता आमच्या घाटातल्या प्रसंगाकडे वळतो, कारण तिथला दोष यांपैकी कशातच नव्हता. लायनर होते, चारही चाकांना ब्रेक होते, नळीत द्रवही होते. मग पाय खाली का गेला?

ब्रेक गती नाहीशी करतो, अशी आपली समजूत असते. ती चुकीची आहे. गती कुठेच नाहीशी होत नाही. ब्रेक तिची उष्णता करतो. हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर निघणाऱ्या उष्णतेत साधारण दोन पेले चहाचे पाणी उकळेल. वेग ९० असेल तर उष्णता दीडपट नव्हे, सव्वादोन पट. आणि घाटाचा हिशेब तर विचारूच नका. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. इंजिनाची मदत न घेता तो सारा उतार ब्रेकवर काढला, तर जवळजवळ पंधरा लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता तयार होते. विसण घालून घरातल्या दोघांचे अभ्यंगस्नान उरकावे इतकी! वाऱ्याने थोडीफार उडून गेली तरी बाकीची चार ड्रमांनी पोटात घ्यायची. माझ्या वडिलांनी त्या दिवशी वाटीभर पेट्रोल वाचवले आणि चाकांत बंब पेटवला.

ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे तव्यासारखे लोखंडी भांडे. आतून दोन शू फाकतात आणि त्याच्या कडेला घासतात. भांडे तापले की फुगते, म्हणजे शूपासून दूर जाते. पाय जास्त दाबावा लागतो. लायनर एका मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड जाते. आणि शेवटी ब्रेक ऑइलची पाळी येते. हे द्रव हवेतली ओल शोषते. ताजे असताना जे २०० अंशांच्या पुढे उकळते, ते ओलावल्यावर १४० अंशांच्या आसपासच उकळू लागते. मग नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, वाफ दबते. पाय खाली जातो तो या बुडबुड्यांवर.

यावरचा उपाय सुचायला फार उशीर झाला होता, असेही नाही. भांडे बंद असते म्हणून उष्णता कोंडते, तर भांडे नकोच. उघडी सपाट तबकडी घ्या आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे पकडा. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने १९०२ सालीच अशा डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले होते. पण त्याने घासण्यासाठी तांबे वापरले. त्याचा कर्कश आवाज होई आणि धुळीच्या रस्त्यांवर ते लवकर झिजे. कल्पना बरोबर होती, पण तिला साथ देणारा पदार्थ अजून जन्मायचा होता. ती पन्नास वर्षे पडून राहिली. विमाने जड झाली, वेगाने उतरू लागली, तेव्हा विमानांच्या चाकांसाठी डिस्क पुन्हा वर आली आणि तिथून शर्यतीच्या गाड्यांत शिरली. १९५३ साली फ्रान्समधील ल मॉंची चोवीस तासांची शर्यत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जग्वार गाडीने जिंकली. सरासरी वेग ताशी १७० किलोमीटर! त्या शर्यतीत शंभर मैलांची सरासरी पहिल्यांदाच ओलांडली गेली. इतर गाड्यांचे ब्रेक तापून मंदावत, म्हणून त्यांना वळणाच्या बरेच आधी वेग आवरावा लागे. जग्वारला मात्र उशिरा दाबूनही थांबता येई. दोनच वर्षांनी, १९५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात सिट्रॉएनने आपली ‘डीएस’ ही गाडी मांडली. पुढच्या चाकांना डिस्क असलेली, भरपूर संख्येने विकायची, कुटुंबाची गाडी.

आपल्याकडे त्या वेळी काय होते? शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होई. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला अँबॅसडर. दोन्ही गाड्या मूळच्या परदेशी आणि दोन्हींच्या चारही चाकांना ड्रम. खुद्द इटलीत फियाटने १९६६ साली ‘१२४’ ही घरगुती गाडी चारही चाकांना डिस्क लावून बाजारात आणली. आपल्याकडे परवान्यांचा जमाना होता. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची. मिळाली की पेढे वाटायचे. मिळालेल्या गाडीला ब्रेक कसले आहेत, हे विचारण्याची कोणाची छाती! कुर्ल्याची गाडी पुढे ‘पद्मिनी’ झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून साऱ्या देशाला ठाऊक झाली. त्या टॅक्सीवाल्यांच्या पायांत एक वेगळेच शहाणपण होते. पावसात मिलन सबवेसारख्या ठिकाणच्या पाण्यातून गाडी बाहेर काढली, की ते थोडे अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवीत, म्हणजे ड्रममधले पाणी सुकून पकड परत येई. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली आणि ते शहाणपणही तिच्याबरोबर निवृत्त झाले.

वडिलांची गाडी पुढे माझ्याकडे आली. १९९३ साली मी तिला डिस्क बसवायचे ठरवले आणि पुण्यातल्या एका वयोवृद्ध मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. मला वाटले होते, ड्रम काढायचे, तिथे डिस्क ठोकायच्या, संपले. वस्तादांनी माझे बोलणे ऐकून घेतले आणि विचारले, “साहेब, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंत?” मला आठवेना. “मग आधी ते करू. नळ्या बदलू, शू नीट लावू, एअर काढू. त्यानंतर महिनाभर चालवा. मग सांगा, डिस्क पाहिजे का.”

महिन्याभराने मी जाऊन सांगितले, की गाडी पुष्कळ सुधारली आहे, तरीही घाटासाठी डिस्क हवीच. मग त्यांनी मला समोर बसवून समजावले. ड्रममध्ये फिरणारे चाक शूला आपणच आत ओढते आणि पायाला मदत करते. डिस्कमध्ये ती मदत नाही. म्हणून नुसती डिस्क लावली तर ब्रेक उलट जड लागतो. त्याला जोडीने बूस्टर आणि मोठा मास्टर सिलिंडर लागतो. डिस्कचा चिमटा चाकाच्या रिमला घासता कामा नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पुढचा-मागचा मेळ. “मागची चाकं आधी लॉक झाली, तर गाडी गर्रकन फिरेल. पुढचा ब्रेक वाढवला की मागच्याचा हिशेब पुन्हा मांडायचा. आणि टायर गुळगुळीत असतील तर हे सगळं फुकट. गाडी ब्रेक थांबवत नाही साहेब, रस्ता थांबवतो.”

त्यांनी त्याच बनावटीच्या नव्या गाडीचा पुढचा सारा सांगाडा मिळवला आणि आठ दिवस खपून काम केले. ड्रमातली धूळ ते फुंकीत नसत. ओल्या फडक्याने टिपून घेत. का, ते मी विचारले नाही. एका पहाटे रिकाम्या रस्त्यावर त्यांनी स्वतः पंधरा-वीस वेळा गाडी थांबवून पाहिली आणि प्रत्येक वेळी उतरून चाकांजवळ हात नेऊन ऊब पाहिली. माझ्या हाती किल्ली दिली ती त्यानंतरच. आज हे काम असे परस्पर करवून घेऊ नये. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या बदलांबाबत कडक आहे आणि विमा कंपनीही विचारते. आता तशी गरजही उरलेली नाही. नव्या गाड्यांना पुढे डिस्क असते, आणि चाक लॉक होऊ न देणारी एबीएस यंत्रणाही २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना सक्तीची आहे.

त्या वर्षीच्या दिवाळीत मी वडिलांना घेऊन पुण्याहून मुंबईला निघालो. आजी आता नव्हती. वडील माझ्या शेजारी, आजीच्या जागी बसले होते. घाट सुरू झाला. नवा ब्रेक लोण्यासारखा लागत होता. पाय टेकला की गाडी खालून कोणी धरल्यासारखी थांबे. मी खुशीत होतो. एका वळणावर माझे लक्ष सहज वडिलांच्या पायांकडे गेले. दोन्ही पाय त्यांनी गाडीच्या तळाशी घट्ट दाबून धरले होते. त्यांच्या बाजूला नसलेला ब्रेक ते दाबीत होते.

“बाबा, घाबरू नका. ब्रेक आता एकदम पक्का आहे,” मी म्हणालो.

“ते दिसतंय,” ते म्हणाले. “म्हणून तर तू पंचवीसच्या वळणाला चाळीसने घेतलीस.”

मी काट्याकडे पाहिले. ते म्हणत होते ते खरे होते.

पुढे फार वर्षांनी माझ्या वाचनात आले, की जर्मनीत म्युनिक शहरातल्या टॅक्सींवर १९८० नंतर एक मोठा प्रयोग झाला होता. एकाच तऱ्हेच्या गाड्या. काहींना एबीएस, काहींना नाही. काही वर्षे दोन्हींचे अपघात मोजले. दोहोंत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. चांगले ब्रेक मिळालेले ड्रायव्हर वळणे जोरात घेऊ लागले होते आणि पुढच्या गाडीच्या जवळून जाऊ लागले होते. यंत्राने दिलेले सारे त्यांनी वेगात खर्चून टाकले. म्युनिकच्या टॅक्सीवाल्यांना जे सिद्ध करायला वर्षे लागली, ते माझ्या वडिलांनी घाटाच्या तिसऱ्या वळणावर ओळखले होते.

त्या दिवशी मी वेग कमी केला आणि गिअर खाली आणला. इंजिन घुमू लागले. वडिलांचे पाय सैल झाल्याचे मला न पाहताच कळले. शिंगरोबाच्या देवळापाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, खिशातून एक नाणे काढून देवापुढे टाकले आणि काही वेळ ते डोंगराकडच्या त्या गटारापाशी उभे राहिले. मग परत येऊन बसले, दार लावले, आणि हसून म्हणाले, “चल. आता थांबता येतं तुला. आता नीघ.”